ऊन अडवणारा लिप बाम रवाळ होतोय? आधी दाणा ओळखा

वनस्पतींचं मेण, बटर आणि तेल घेऊन, त्यात झिंक ऑक्साइड घालून लिप बाम करणाऱ्यांची एक तक्रार मी सतत ऐकतो: ओतला तेव्हा लोण्यासारखा मऊ होता, आठवड्याभरात ओठांना खर लागायला लागली. मग पुन्हा वितळवला, पुन्हा ओतला, पुन्हा दाणे. हा दोष मी स्वतःच्या आणि इतरांच्या बॅचमध्ये इतक्यांदा दुरुस्त केला आहे की आता बाम बोटावर घेतला की चूक कुठे झाली याचा बराचसा अंदाज येतो. त्याच क्रमाने इथे लिहितो आहे.

साध्या लिप बाममध्ये दाणे आले तर लावताना बरं वाटत नाही, एवढंच. उन्हासाठी केलेल्या बाममध्ये मात्र त्याकडे काणाडोळा करू नका. दाणा झिंकचा असेल तर ते झिंक गुठळीत अडकून पडलेलं असतं आणि गुठळीच्या आजूबाजूचा ओठ उघडाच राहतो. ओठांच्या त्वचेचा वरचा थर पातळ असतो, त्यात मेलॅनिनही कमी असतं. खालच्या ओठावर ऊन थेट पडतं आणि ओठांच्या कर्करोगाचे बहुतांश रुग्ण खालच्या ओठाचेच असतात. म्हणून या बामचा गुळगुळीतपणा मला दिसण्यापुरता वाटत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. या बाममधलं वनस्पतींचं काम म्हणजे आधार धरणं, ओलावा टिकवणं आणि झिंकला सगळीकडे सारखं धरून ठेवणं. ऊन अडवण्याचं काम खनिज करतं. रासबेरीच्या बियांचं तेल, गाजराच्या बियांचं तेल यांना मोठमोठे एसपीएफ (ऊन किती अडतं याचं माप) आकडे चिकटवलेले दिसतात, त्यांच्यावर विसंबून झिंक कमी करू नका.

लक्षणं

तुमच्या बामला यांतलं कोणतं लागू पडतं ते आधी बघा. दोन एकत्रही असू शकतात.

– ओतल्यावर गुळगुळीत, पण पाच-सात दिवसांनी किंवा पंधरवड्याने बारीक दाणे. बोटावर चोळले की विरघळतात. कधी वर घामासारखे तेलाचे थेंबही दिसतात.
– पहिल्या दिवसापासून पांढरी, कोरडी खर. कितीही चोळली तरी जात नाही. ओठ एकमेकांवर घासले की बारीक वाळूसारखी लागते.
– पहिल्या दिवसापासून मेणचट कण. चोळल्यावर चपटे होतात, पण पसरत नाहीत. कांडी ओठावर ओढली की चुरा पडतो.
– नळी नवी असताना ओठांवर पांढरेपणा जवळजवळ नाही आणि नळी संपत आली की ओठ पांढरेफटक.
– बाम महिन्यागणिक घट्ट आणि पिठूळ होत जातो, सोबत खवट वास.

पहिली तपासणी: बोट आणि गरम पाणी

हिला खर्च नाही. पाच मिनिटं लागतात, आणि तरी बहुतेक लोक हीच गाळून थेट कृती बदलायला घेतात.

वाटाण्याएवढा बाम अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून वीस सेकंद चोळा. त्वचेच्या उबेनं दाणा नाहीसा झाला तर तो बटरचा. शिया, कोको, आंबा किंवा कोकम यांची बटरं साधारण शरीराच्या तापमानाच्या आसपास मऊ होऊन वितळतात. मेणाला ही ऊब पुरत नाही: कँडेलिला मेण ६८ ते ७३ अंश सेल्सिअसला वितळतं, कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना. झिंक ऑक्साइड तर तुमच्या कोणत्याही भांड्यात वितळणार नाही.

मेण की झिंक, हे ठरवायला चमचाभर बाम लहान काचेच्या बाटलीत घ्या आणि नुकत्याच उकळून उतरवलेल्या पाण्यात ती बाटली दहा मिनिटं धरा. सगळं पातळ झाल्यावर बाटली तिरपी करून मागून टॉर्च लावा. झिंकमुळे द्रव दुधासारखा दिसेल, ते ठीक आहे. काचेवर ओघळणाऱ्या पातळ थराकडे बघा. त्यात पांढरे ठिपके राहिले तर झिंक नीट फुटलेलं नाही. थर एकसारखा असेल तर दाणा मेणाचा किंवा बटरचा होता.

यावरून पुढचा रस्ता ठरतो. बटरचा दाणा असताना झिंक घोटत बसण्यात अर्थ नाही, आणि झिंकची गुठळी हजार वेळा वितळवली तरी तशीच राहते.

दुसरी: बाम ठेवता कुठे?

दुपारी गाडीत किंवा खिशात, रात्री गार खोलीत, असं रोज होत असेल तर कृती निर्दोष असूनही दाणे येतात. अर्धवट वितळलेलं बटर सावकाश गार होतं आणि सावकाश थिजणारी स्निग्धता मोठे स्फटिक बांधते. त्याच बॅचची एक नळी आठवडाभर घरातल्या सावलीच्या कपाटात ठेवा. ती गुळगुळीत राहिली आणि खिशातली रवाळ झाली, तर दोष साठवणुकीचा आहे. शिया कमी करणं हा त्यावरचा खरा उपाय, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

तिसरी: पाणी

बाममध्ये पाण्याचा एक थेंबही नको. गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवताना वाफ आत जाते, भांडं उचलून ओतताना बुडाचं पाणी नळीत ठिबकतं, चमचा ओला असतो. लेप न दिलेल्या, म्हणजे कणांवर तेलाशी जुळणारं आवरण नसलेल्या झिंक ऑक्साइडला पाण्याची ओढ असते. तेलात थेंब पडला की त्याचे कण त्या थेंबाभोवती गोळा होतात आणि गुठळी बांधतात. शिवाय पाणी शिरलं की जंतू वाढायला जागा मिळते. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, फळांचा रस हे सगळं याच कारणासाठी बाहेर ठेवा. भांड्याचं बूड पुसून मगच ओता. झिंकचा डबा दमट जागी उघडा राहिला असेल तर तेही तपासा. कोरडी पूड कागदावर मोकळी पसरते, दमट पूड ढेकळं धरते.

चौथी: वजनकाटा

झिंकची पूड चमच्याने मोजत असाल तर इथे थांबा आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. ही पूड फुगीर असते. दाबून भरलेला चमचा आणि भुरभुरता चमचा यांत दुपटीचाही फरक पडू शकतो. जास्त पडली तर तेल कमी पडतं, कण सुटे राहतात आणि बाम कोरडा खरखरतो. कमी पडली तर बाम सुंदर गुळगुळीत होतो, पण ऊन अडत नाही. हा दुसरा दोष मला जास्त घातक वाटतो, कारण तो हाताला लागत नाही.

झिंक औषधी किंवा सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाचंच हवं. रंग आणि रबराच्या उद्योगातल्या झिंकमध्ये शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू असू शकतात आणि ओठांवरचा बाम थोडाफार पोटात जातोच.

पाचवी: तापमापक

मेणाचे कण आणि बटरचे दाणे या दोन्हींची मुळं बहुधा इथे सापडतात.

शिया बटर ही एकच एक स्निग्धता नाही. त्यातला स्टिअरिक या मेदाम्लाचा वाटा जास्त तापमानालाच थिजायला लागतो, ओलेइक या दुसऱ्या मेदाम्लाचा वाटा बराच उशिरा. मिश्रण सावकाश गार झालं की पहिला वाटा वेगळा होऊन दाणे धरतो आणि मधलं तेल मोकळं राहतं. वर दिसणारे घामाचे थेंब हेच तेल. कोको बटरचा स्वभाव आणखी अवघड: ते सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत थिजू शकतं आणि ठेवल्या ठेवल्या एका रूपातून दुसऱ्यात जाऊ शकतं. म्हणूनच पहिल्या दिवशीचा गुळगुळीतपणा पाहून निर्धास्त होऊ नका.

डोळ्यांना सगळं वितळलेलं दिसतं तेव्हाही स्फटिकांचे सूक्ष्म अंश शिल्लक असू शकतात आणि गार होताना त्यांच्याभोवतीच नवे दाणे वाढतात. म्हणून मेण आणि बटर ७५ ते ८० अंशांवर वीस मिनिटं धरून ठेवा. कार्नोबा असेल तर आधी मेण थोड्या तेलासोबत ८५ ते ८८ अंशांपर्यंत न्या, ते पूर्ण पातळ झाल्यावर आच उतरवा, मग बटर घाला. अंदाजाने हे जमत नाही. माझ्या सुरुवातीच्या किती तरी बॅच मी ‘वितळलंय की’ म्हणत ६५ अंशांवरच उतरवल्या होत्या, हे तापमापक आल्यावर कळलं.

गार करण्याची घाई मात्र ओतल्यानंतर, आधी नाही. ओतून दहा मिनिटांत नळ्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, अर्ध्या तासाने काढा. झपाट्याने थिजलं की असंख्य बारीक स्फटिक बनतात आणि ते जिभेला किंवा ओठाला जाणवत नाहीत. फ्रीझरमध्ये ठेवू नका. कांडी बाहेरून आक्रसते, मध्ये खड्डा पडतो, कधी उभी चीर जाते.

सहावी: झिंकची घोटाई

पांढरी खर असणाऱ्या दहांपैकी बहुतेकांची चूक एकच असते: कोरडी पूड थेट गरम मेणात टाकून चमच्याने ढवळणं. झिंकचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. त्या पुंजक्यात हवा अडकलेली असते आणि बाहेरून तेल लागलं की आतला भाग कोरडाच राहतो. ढवळून हा पुंजका फुटत नाही, तो दाबून, घासून फोडावा लागतो. म्हणजेच घोटावा लागतो.

मी असं करतो. पूड आधी बारीक चाळणीतून किंवा कापडातून वस्त्रगाळ करतो, नाकातोंडाला घट्ट बसणारा मास्क लावून आणि पंखा बंद करून. मग खलात पुडीच्या वजनाएवढं किंवा सव्वापट एरंडेल घेतो. एरंडेलच का? त्यातल्या मेदाम्लांपैकी साधारण ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असतं. त्यामुळे ते इतर वनस्पती तेलांपेक्षा ध्रुवीय आणि दाट असतं, कणांना चांगलं भिजवतं आणि त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. लिपस्टिक बनवणारे रंगद्रव्यं घोटायला एरंडेल वापरतात ते याच गुणासाठी. पूड एकदम न टाकता चार-पाच वेळा थोडी थोडी टाकायची आणि दर वेळी वाटून एकजीव करायची. एकूण वीस-पंचवीस मिनिटं लागतात. शेवटी काचेच्या पट्टीवर या घोटलेल्या लेपाचा एक थेंब घेऊन दुसरी पट्टी वर दाबा आणि उजेडासमोर धरा. ठिपके दिसले तर पुन्हा घोटा.

हातापेक्षा चांगलं काम हवं असेल तर दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक, लेप दिलेलं झिंक, म्हणजे ज्याच्या कणांवर तेलाशी जुळणारं आवरण असतं असं. बिनपाण्याच्या बाममध्ये ते सहज मिसळतं. दुसरं, पॉलीहायड्रॉक्सीस्टिअरिक आम्ल. एरंडेलापासून मिळणाऱ्या आम्लापासूनच ते बनतं, त्यामुळे वनस्पतीजन्य राहण्याची अट मोडत नाही, आणि झिंक तेलात सुटं ठेवण्यात ते तरबेज आहे.

आता एक चूक, जी अनुभवी लोकही करतात आणि जिच्यापायी मी स्वतः बरीच सामग्री वाया घालवली. झिंक आणि एरंडेलाचा लेप उत्तम घोटला, मेण नीट वितळवलं, आणि मग खोलीच्या तापमानाचा तो गार लेप गरम मेणात ओतला. लेप जिथे पडला तिथलं मेण त्याच क्षणी थिजतं आणि झिंकभोवती मेणाची कवचं तयार होतात. असा दाणा चोळला की बाहेरून चपटा होतो आणि आतून पांढरा निघतो. मेणाचा म्हणावा की झिंकचा, असा गोंधळ इथेच होतो. उपाय अगदी साधा: लेपाचं भांडंही गरम पाण्यात ठेवून ७० अंशांच्या वर न्या आणि मेण लेपात हळूहळू ओता, लेप मेणात नाही. बॅच आधीच बिघडली असेल तर ती ८० अंशांवर वीस मिनिटं धरून, सतत ढवळून बहुतेकदा वाचते.

सातवी: ओतताना बसणारा साका

झिंक ऑक्साइडची घनता तेलाच्या सुमारे सहापट असते. पातळ, गरम मिश्रणात ते तळाशी जाणारच. पहिल्या नळीत कमी झिंक, शेवटच्या नळीत साका, आणि प्रत्येक नळीतही खाली जास्त, वर कमी. नवी नळी पांढरेपणा सोडत नाही याचं कारण हेच. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही सर्वांत विश्वासाने बाम लावून उन्हात जाता, त्या दिवशी संरक्षण सर्वांत कमी.

तपासायला पहिली आणि शेवटची नळी घ्या, दोन्हींतून सारख्या वजनाचा तुकडा काढून काळ्या कागदावर सारख्या जागेत पसरवा. पांढरेपणातला फरक डोळ्यांना दिसला तर साका बसतोय. तीच नळी उभी चिरून वरचं आणि खालचं टोकही असंच पडताळा. ओतताना मिश्रण जितकं गार चालेल तितकं गार ठेवा, दाट व्हायला लागलं आहे पण अजून धार पडते असं. दर दोन नळ्यांनंतर तळापासून ढवळा. एका वेळी लहान बॅच करा.

आठवी: कृतीच बदलणं

वरचं सगळं नीट होऊनही दाणे येत असतील तरच इकडे या. एका वेळी एकच घटक बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पहिल्यांदा शिया काढा आणि त्याजागी आंब्याच्या कोयीचं बटर घ्या. रवाळपणाची तक्रार त्यात मला फार कमी आढळली. कोकम बटर कडक आणि कोरडं असतं, गरम हवेत कांडी ताठ ठेवतं, पण जास्त झालं की बाम ओठावर ओढला जातो. मधमाशीच्या मेणाची कृती घेऊन त्यात तेवढंच कँडेलिला घालू नका. ते जास्त कडक असतं, साधारण निम्म्यापासून सुरुवात करा.

मी सुरुवातीला घेतो ते प्रमाण, १०० ग्रॅमसाठी: कँडेलिला १२, कार्नोबा २, आंबा बटर १८, कोको बटर ८, एरंडेल २५, जास्त ओलेइक असलेलं सूर्यफूल तेल १४.५, झिंक ऑक्साइड २०, ई जीवनसत्त्व ०.५. कांडी फार कडक वाटली तर कँडेलिला एक ग्रॅमने उतरवा आणि तेवढं सूर्यफूल तेल वाढवा.

बाम पिठूळ आणि घट्ट होत जात असेल तर तेलांकडे संशयाने बघा. जुन्या किंवा खवट तेलात सुटी मेदाम्लं असतात, लेप न दिलेल्या झिंकशी त्यांचा संयोग होऊन झिंकचे साबण बनतात आणि मिश्रण जड होत जातं. ताजं तेल घ्या, आणि कडकपणासाठी सुटं स्टिअरिक आम्ल घालत असाल तर ते बंद करा. ई जीवनसत्त्व खवटपणा लांबवतं, पण आधीच खवट झालेलं तेल सुधारत नाही.

सुगंधासाठी बर्गमॉट किंवा थंड दाबून काढलेलं लिंबाचं तेल कधीही घालू नका. त्यांतल्या फ्युरोकुमारिन घटकांमुळे उन्हात त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते आणि डाग पडू शकतात. पुदिन्याचे स्फटिक घातले असतील तर तेही काढून बघा. जास्त प्रमाणात ते गार झाल्यावर सुईसारखे परत बाहेर येतात, आणि फाटलेल्या ओठांना झोंबतात ते वेगळंच.

इथे थांबा

एकच बॅच दोनदा वितळवून सुधारली नाही तर फेकून द्या. दर वेळी तापवताना तेल थोडं अधिक खवटाकडे जातं. खवट वास आलेली बॅच तर पहिल्याच वेळी टाका.

एसपीएफ किती, हे घरी मोजता येत नाही. अतिनील किरणांत रंग बदलणारे मणी आणि कार्ड, अतिनील कॅमेरा यांतून थर असमान आहे का एवढंच कळू शकतं. २० टक्के झिंक म्हणजे अमुक एसपीएफ असं कोष्टकही खरं नाही, कारण तेवढंच झिंक नीट घोटलेलं असेल आणि गुठळ्यांत असेल तर संरक्षण वेगवेगळं मिळतं. खरा आकडा आयएसओ २४४४४ पद्धतीने, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर लावून, माणसांच्या त्वचेवर प्रयोगशाळेत काढतात. यूव्हीए, म्हणजे त्वचेत खोलवर जाणारे अतिनील किरण, त्यांच्यापासूनच्या संरक्षणाची तपासणी वेगळी असते.

त्यामुळे बाम विकायचा असेल, किंवा ‘उन्हापासून वाचवतो’ असं सांगून दुसऱ्या कुणालाही, विशेषतः लहान मुलांना, द्यायचा असेल तर इथून पुढे सौंदर्यप्रसाधनांचा रसायनतज्ज्ञ आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळा यांच्याकडे जा, आणि तुमच्या देशात परवाना व लेबलाचे नियम काय आहेत ते आधी विचारा. सातव्या तपासणीत फरक दिसत असूनही तो घालवता येत नसेल, तर ते काम यंत्राचं आहे. तीन रोळांच्या गिरणीतून झिंकचा लेप एकदा काढून दिला की जे होतं, ते खलात तासभर घोटूनही होत नाही.

तोवर तुमचा बाम सावलीत, घरात, झोपताना वापरा. डोंगरावर, समुद्रावर, शेतात किंवा दिवसभराच्या उन्हात जाताना तपासलेला एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचा, यूव्हीएही अडवणारा लिप बाम लावा, आणि दर दोन तासांनी, खाण्यापिण्यानंतर पुन्हा लावा.

आणि खालच्या ओठावर तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, सारखा सोलणारा पांढरट चट्टा, किंवा ओठ आणि त्वचा यांची रेघ पुसट होत चाललेली दिसली, तर कोणताही बाम बदलून बघण्यात दिवस घालवू नका. त्वचारोगतज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवा.